मायचं बोलणं मी बंद केलं

माझ्या आईचं बोलणं मी बंद केलं. रागाच्या भरात नाही, भांडणात नाही. शांतपणे, कागदावर नीट अक्षरात लिहून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया येणार नाही.

ती पुण्याहून परत गेली ती सकाळ मला अजून स्पष्ट दिसते. बार्शीमार्गे लातूरला जाणारी एसटी स्टँडवर लागली होती. मायनं खिडकीजवळची जागा धरली होती, मांडीवर कापडी पिशवी. आम्ही आईला मायच म्हणतो. मी खाली उभा होतो आणि माझ्या कडेवर माझी मुलगी मुदिता, दोन वर्षं एक महिन्याची. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबलेली माय गाडीत बसली की, गाडी सुटायच्या आत शेजारणीचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी सगळं तिला माहीत झालेलं असायचं. त्या दिवशी शेजारची बाई दोनदा काहीतरी बोलली, तरी मायनं नुसती मान हलवली. मग खिडकीतून हात बाहेर काढून मुदिताच्या पायाला लावला आणि परत आत घेतला. मुदिताही काही बोलली नाही. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी वळली, आणि मला हलकं वाटलं.

हलकं वाटलं, हे लिहिताना हात अडतो. पण खरं तेच आहे. आता घरात कुणाला टोकावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं.

हे मी गावाकडं राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. तुमच्यातले पुष्कळजण माझ्यासारखेच आहेत, हे मला ठाऊक आहे. गावाकडून फोन आला की तुम्ही बाल्कनीत जाऊन बोलता. दार लावून घेता. आत आलात की जीभ बदललेली असते. मी ते वीस वर्षं केलं. आता करत नाही, करणारही नाही. पण ते बंद करायच्या आधी मी जे केलं, ते तुम्ही करू नये म्हणून हा खटाटोप.

मी घर सोडलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. रेणापूरजवळच्या आमच्या गावातून आधी लातूरला बारावीसाठी, तिथून नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनियरिंगला. अण्णा, म्हणजे माझे वडील, मी सातवीत असतानाच गेले होते. माय चौथी शिकलेली. आमच्या वस्तीत, विहाराशेजारच्या खोलीत अंगणवाडी सुरू झाली तेव्हा मदतनीस म्हणून तिला घेतलं. गावातली काही घरं सुरुवातीला पोरं पाठवत नव्हती. खिचडी कोण शिजवतंय हे त्यांना माहीत होतं, यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. माय कुणाच्या दारात जाऊन भांडली नाही. ती अंगणवाडीच्या दारात उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पोराशी बोलायची. "काय रं, शेंबूड कुणासाठी जपून ठिवलायस?" "तुझी शेळी कुठं गेली? शेळीला तरी पाठीव आत." पोरं थांबायची, उत्तर द्यायची, हसायची आणि एक दिवस आतच यायची. आयांनी हाका मारल्या तरी निघायची नाहीत. सहा महिन्यांत खोली भरली. बोलण्यानं भरली ती. ज्या तोंडानं तिनं एक गाव उघडलं, ते तोंड तिच्या पोटच्या मुलानं बंद केलं. आता पुढचं वाचा.

विष्णुपुरीच्या हॉस्टेलात मला माझ्या बोलण्याची लाज वाटायचं कारणच नव्हतं. किनवटचा, देगलूरचा, उदगीरचा, सगळे आपापल्या वळणानं बोलायचे. इस्लापूरचा एकजण आमच्याहून वेगळं बोलायचा, आम्ही त्याची टिंगल करायचो, तो आमची करायचा. लाज मला पुण्यात मिळाली, पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात. मीटिंगमध्ये साहेबांनी ड्रॉइंगचं विचारलं. मी म्हणालो, "त्याच्यावरच काम करून राहिलोय, सर." साहेब म्हणाले, "करून कुठे राहिलास? इकडे ये, इथे राहा." सगळे हसले. वाईट माणूस नव्हता तो. पण मीही हसलो, आणि ते हसणं मला महागात पडलं. त्या दिवसापासून मी स्वतःच्या तोंडावर पहारा बसवला. 'लई' गेलं, 'हाय' गेलं, 'काहून' गेलं. वर्षभरात मला कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारेनासं झालं. मला ती कमाई वाटली.

लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. माझी बायको वैशाली नांदेडची, बँकेत नोकरीला. तिची रजा संपायच्या आत माय पुण्यात आली. अंगणवाडीतून ती नुकतीच निवृत्त झाली होती. मी तिला आणायला गेलो तेव्हा म्हणाली, "शंभर पोरं लोकांची बोलती केली. आता आपली एक करू."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. ती अक्षरशः म्हणत होती.

सकाळी आंघोळीच्या वेळी तिचं जे चालायचं ते मी दाराआडून ऐकायचो. मुदिताला पालथी पायांवर घेऊन तेल चोळता चोळता: "आता पाठ चोळून राहिले. ही बग पाठ. आता मान. मान कुठं गेली? ही काय, घावली! आता पाय धरते. अगं अगं, पाय पळून चाललाय, धर त्याला! धरला. आता पाणी घालू? घालू का? घातलं!" एकही काम ती न बोलता करत नसे. आणि एकच गोष्ट तीन वेळा बोले: करायच्या आधी, करताना, करून झाल्यावर. घालू, घालते, घातलं. धरू, धरते, धरलं. मी इंजिनियर माणूस. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की, कुठल्याही पुस्तकात नसलेला धडा ती रोज शिकवत होती, आणि शिकवतोय हे तिच्या गावीही नव्हतं. किंवा होतंही असेल. मी विचारलं नाही.

मी एक वही केली होती. उशिरा बाप झालेल्या माणसाची हौस. मुदिता जो नवा शब्द बोलेल तो मी तारीख घालून लिहायचो. अकराव्या महिन्यात 'मम'. पाणी पण मम आणि भातही मम. मग 'भू', म्हणजे जे दिसेनासं झालं ते. मग 'दे'. हा तिचा पहिला खरा हुकूम. मग 'नतो', म्हणजे नको. मग 'पल्लं'. वाटी पडली की पल्लं, दिवा बंद केला की पल्लं, गॅलरीतून सूर्य बुडाला तरी पल्लं. एका क्रियापदावर तिनं महिनाभर सगळं जग चालवलं. त्यानंतर शब्द जोडीनं यायला लागले. "माय दे." "बाबा भू." दीड वर्षाची झाली तेव्हा "माय आल्ली" म्हणायची, आणि मी घरी आलो तरी "बाबा आल्ली". एके दिवशी मी दार उघडलं तर म्हणाली, "बाबा आला." कुणी शिकवलं नव्हतं. वैशालीनं आनंदानं मायला सांगितलं, तर माय म्हणाली, "तिला कशाला शिकवायला पायजे? ती ऐकून राहिली की सहा महिनं. मनात जमा झालं, आता निघून राहिलं."

मग एक गंमत झाली. मुदिता 'केली' बरोबर म्हणत होती, ती अचानक 'करली' म्हणायला लागली. "मी शी करली." 'आली' येत होतं, ते सोडून 'येली'. मी चिडलो. मला वाटलं, गावाकडच्या बोलण्यानं मुलीचं बिघडतंय. आमच्या अख्ख्या गावात कुणी 'करली' म्हणत नाही हे मला ठाऊक होतं, तरी दोष मी गावालाच दिला. माय हसली. "पुढं सरकली रं ती. आधी आपलं ऐकून म्हणायची. आता मनानं बनवाया लागली. धर-धरली, बस-बसली, मग कर-करली. हुशार हाय पोरगी. होतंय नीट, सबूर कर." पुढं वर्षभरानं आमच्या सोसायटीच्या बागेत शेजाऱ्यांचा नातू ओरडताना मी ऐकला, "आजोबा, मी करलं! आई येली!" त्यांच्या घरी तीन पिढ्या पुण्यातच. सगळे कौतुकानं हसले. त्याच्या आजोबांना कुणी दोष दिला नाही. मी बाकावर मान खाली घालून बसून राहिलो.

पण ते नंतरचं. आणि वहीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. मुदिता "हाय" म्हणाली की मी वहीत "आहे" लिहायचो. "लई" म्हणाली की "खूप". "माय काय करून राहिली?" हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य. मी लिहिलं, "आजी काय करते आहे?" मुलीच्या तोंडातून जे निघालं नाही ते मी तिच्या नावावर लिहीत होतो. पुढं कधी कुणी वाचलं तर लाज नको, म्हणून. दोन वर्षांच्या मुलीच्या नोंदीतसुद्धा मी पहारा बसवला होता.

मुदिता बावीस महिन्यांची असताना आम्ही तिला एका प्लेग्रुपमध्ये घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी सशाचं चित्र दाखवलं. मुदिता लगेच म्हणाली, "ससा लई मोटा हाय!" बाई मनापासून हसल्या. "किती गोड! घरात कोणी गावाकडचं असतं का? नंतर सुधारतं तसं, पण आत्तापासून लक्ष दिलेलं बरं." त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. पण माझ्या कानात तीच मीटिंग वाजली. मी म्हणालो, "हो, माझी आई आलीय. सांगतो तिला."

सांगतो तिला. जणू माय कुणी भाडेकरू.

संध्याकाळी मी कागद घेतला आणि दोन रकाने आखून यादी केली. डाव्या बाजूला मायचे शब्द, उजवीकडे त्याऐवजी काय म्हणायचं ते. वीस-बावीस शब्द भरले. फ्रिजवर चिकटवला. मायला म्हणालो, "मुदिताशी बोलताना एवढं बघत जा. शाळेत तिला लोक हसतील." माय चष्मा लावून जवळ गेली. बोट ठेवून एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो. मधेच थांबून म्हणाली, "'काहून'ला काय म्हणू?"

"'का' म्हण."

"नुसतं का?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

वैशाली ओट्याशी उभी होती. मला म्हणाली, "आईंना शाळेत घातलंत का तुम्ही? हजेरी कोण घेणार, मी का?" मी म्हणालो, मुलीच्या भल्याचं आहे. ती म्हणाली, "मी पण नांदेडची आहे. माझा कागद कुठे लावताय?" मी कागदाचा सुटलेला कोपरा परत चिकटवला.

माय आज्ञाधारक होती असं नाही. आयुष्यभर ती कुणाला बधली नव्हती. पण माझ्या शिक्षणावर तिचा भारी विश्वास. मी म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल, असं तिनं धरलं. तिनं खरोखर प्रयत्न केला. मुदितानं काही विचारलं की माय तोंड उघडायची, थांबायची, फ्रिजकडं बघायची. तोवर पोरगी दुसरीकडं वळलेली असायची. आठवड्याभरात तिनं बोलणं निम्म्यावर आणलं, महिन्याभरात त्याच्याही निम्म्यावर. आंघोळीच्या वेळी आता नुसतं पाण्याचं ऐकू यायचं. एकदा मी दारातून पाहिलं. मायचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मुदिता तिच्या तोंडाकडं बघत होती. मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी मनात म्हणालो, चला, सवय लागतेय.

तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "मी जाऊन येते गावाकडं." मग ती एसटीची सकाळ. 'जाऊन येते' म्हणाली होती, पण आली नाही.

मी खोटं सांगणार नाही. मुदिताला काही आजार झाला नाही, ती मुकी झाली नाही. ती प्लेग्रुपमध्ये शिकली, मोबाइलवरच्या कार्टूनमधून शिकली, आमच्याकडून शिकली. तिचं मराठी आज प्लेग्रुपच्या बाईंना पसंत पडेल असं आहे. पण पूर्वी ती स्वतःहून सांगायची. गॅलरीत कावळा आला तर धावत येऊन कावळ्याची सगळी हकिगत सांगायची, अर्ध्या शब्दांत, हात हलवून. ते थांबलं. विचारलं की उत्तर द्यायची, अगदी बरोबर, आणि गप्प व्हायची. माझ्या वहीत त्या महिन्यांनंतर पानं कोरी आहेत. आधी मला वाटलं, मीच लिहायचा कंटाळा केला. मग आठवलं, लिहिण्याजोगं ती काही आणतच नव्हती.

वैशालीच्या फोनमध्ये आंघोळीचे जुने व्हिडिओ होते. एका रविवारी तिनं ते लावले आणि माझी वही शेजारी ठेवली. तारखा जुळवून आम्ही बघत गेलो. व्हिडिओत मुदिता काही म्हणते, वहीत काही भलतंच. व्हिडिओत मायच्या बोलण्यात पोरगी मधेमधे घुसते, तिला अडवते, तिच्या वाक्याचं शेपूट पकडून आपलं वाक्य करते. "पाय कुठं पळाला?" "पाय पल्लाला! माय, धर!" वैशाली म्हणाली, "बघा. तुमच्या वहीत ह्यातलं काय आहे?" मी पेन घेतलं आणि सगळी पानं दुरुस्त केली. 'आहे' खोडून 'हाय' लिहिलं. 'करते आहे' खोडून 'करून राहिली'. चाळीसेक पानं असतील. आज ती वही कुणाच्याही हातात द्यायला मी तयार आहे.

त्यानंतर माझ्या अंगात जरा बळ आलं. मी प्लेग्रुपच्या बाईंना भेटलो. म्हणालो, "मागे तुम्ही म्हणालात, घरात लक्ष द्या. दिलं. चूक झाली. आमच्या घरात लातूरची मराठी आहे, नांदेडची आहे आणि माझी ही पुण्यात उसनी घेतलेली आहे. तिन्ही तिच्या आहेत. तुमची चौथी तुम्ही शिकवा, आमची हरकत नाही. पण सुधारायचं असं काही तिच्यात नाही." बाई जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "माझा तसा हेतू नव्हता हो." मी म्हणालो, "माझाही नव्हता. झालं मात्र तसंच."

ऑफिसातही मी पहारा उठवला. मीटिंगमध्ये म्हणालो, "ते मी करून राहिलोय, शुक्रवारपर्यंत देतो." वीस वर्षांनी. कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी थांबलो नसतो. तुम्हालाही सांगतो, थांबू नका. आपलं बोलणं हे शुद्ध भाषेचं बिघडलेलं रूप आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू द्या. मुलं कुणाच्या परवानगीनं बोलायला शिकत नाहीत. जो त्यांच्याशी जीव लावून बोलतो, त्याच्याकडून ती शिकतात. आणि जीव लावून माणूस आपल्याच बोलीत बोलतो, यादी बघून नाही.

पण हे सगळं परक्यांपुढं. परक्यांपुढं ताठ होणं सोपं निघालं. जिचं मी तोंड बंद केलं, तिला मी फोनवर एवढंच म्हणायचो, "माय, ये की पुण्याला." ती म्हणायची, "गुडघं दुखून राहिले रं." मी म्हणायचो, "मुदिताशी बोल." ती म्हणायची, "तूच बोल तिच्याशी. माझं काय मधेच." दर वेळी माफी मागायचं ठरवून मी फोन लावायचो आणि हवापाण्याचं विचारून ठेवून द्यायचो. मुदिता तीन वर्षांची होत आली. मला कळत होतं की, आता जर मी बोललो नाही तर ह्या दोघी एकमेकींना कायमच्या परक्या होतील. एकीचं वय वाढत चाललं होतं आणि दुसरीची आठवण पुसट होत चालली होती.

जानेवारीत आम्ही गावी गेलो.

निवृत्त होऊनही माय रोज अंगणवाडीत जाऊन बसते. आता तिथं पंचशीला मदतनीस आहे, आमच्याच वस्तीतली. ती माझ्या मायला मावशी म्हणते आणि वाढायचं काम तिच्यावरच सोपवते. आम्ही पोचलो तेव्हा खिचडीची वेळ झाली होती. पोरं ताटल्या घेऊन ओळीत उभी. मुदिता माझा हात सोडून ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. कुणीतरी तिच्याही हातात ताटली दिली.

मायची तिथं एक रीत आहे. पोरानं काहीतरी बोलल्याशिवाय पळी हलत नाही. काय बोलायचं त्याला नियम नाही. लमाण तांड्यावरचं पोर त्याच्या भाषेत बोललं तरी चालतं, निलंग्याकडून आलेल्या कामगारांचं पोर कानडीत बोललं तरी चालतं. फक्त तोंड उघडलं पाहिजे.

"दे," पहिलं पोरगं म्हणालं.

"काय दे? माझं डोस्कं देऊ?"

"खिच्ली!"

"किती?"

"लई!"

"लई म्हंजी किती? तुझ्या बापायवडी का तुझ्यायवडी?" पोरं खिदळली. ताटलीत पळीभर खिचडी पडली. पुढची तांड्यावरची मुलगी. ती म्हणाली, "बाटी." बाटी म्हणजे तिच्या घरची भाकरी. "बाटी न्हाई गं आज, खिचडी हाय. खातीस का?" मुलीनं मान हलवली. "मान नको हलवू, तोंड हलीव." "हाव!" पळी पडली. दीड वर्षाचं एक लेकरू नुसतंच "ब्बा" म्हणालं. माय म्हणाली, "झालं की! एवडंच तर पायजे." त्यालाही पळी.

मी उंबऱ्यावर उभा राहून ऐकत होतो. निघून गेल्यावर घराची आठवण म्हणून लोक काय काय सांगतात. कुणी झाड सांगतं, कुणी विहीर. मला माझं घर त्या उंबऱ्यावर कळलं. तोंडातून काहीही निघालं तरी जिथं ताटली रिकामी परत जात नाही, ते घर. गावात असो की पुण्यात असो. माझ्या पुण्याच्या घरात मी ते होऊ दिलं नव्हतं.

शेवटी मुदिता पुढं आली. तिनं ताटली धरली आणि मायकडं बघत उभी राहिली. बोलली नाही.

आणि मायनं तिला काही विचारलं नाही. पळी आपोआप हलली. खिचडी वाढून माय हळू आवाजात म्हणाली, "घे बाळ. गरम आहे. सावकाश खा."

गरम आहे. तिच्या तोंडात तो 'आहे' असा होता जसा पायात दुसऱ्याचा बूट.

पंचशीला भांडी आवरत होती, ती ओरडली, "काय मावशी, सगळ्यांना कायदा आन् नातीला सूट व्हय? तिला तोंड न्हाई का?"

माय म्हणाली, "शेरातली हाय ती. आपलं ऐकून बिघडंल."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सोसला असता. ती खरंच तसं मानत होती. मी मानायला लावलं होतं.

पोरं जेवून पांगली. पंचशीलानं मुदिताला झोक्यावर बसवलं. माय खिचडीचं पातेलं घेऊन मागच्या हापशावर गेली. मी मागोमाग गेलो आणि हापसा मारायला लागलो. ती खाली बसून पातेलं घासत होती.

"माय, मला एक बोलायचंय."

"बोल की. कुणी धरलंय?"

"पुण्यात मी तुला जे करायला लावलं, त्याचं."

तिचा हात थांबला नाही. "जाऊ दे रं. नाहक कशाला काढतूस. पोरीच्या भल्यासाठीच केलंस."

इतके दिवस मीही लोकांना हेच सांगत आलो होतो. तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला ते पुढं रेटवेना.

"पोरीसाठी न्हाई केलं, माय."

आता तिनं वर पाहिलं. "मग कुणासाठी केलं?"

मी हापसा सोडला आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसलो.

"माझ्यासाठी केलं. लोकं मला हसली हुती, त्याचा राग म्या तुझ्यावर काढला. तुझ्या बोलण्यात काय खोट न्हवती, माय. तुझ्याच बोलण्यानं पोरगी बोलाय लागली हुती, आन् म्या तुला गप्प केलं. तिचंबी नुकसान केलं, तुझंबी केलं. मी चुकलो. मला माफ कर."